खामचा सर ऑर्किडला

१० जानेवारी, रविवार

हरलो. ०–३. पुन्हा.

मध्यांतराला बोललो. असा बोललो की हिरवळीला पाणी घालणारा माळी नळी तशीच सोडून दारात येऊन उभा राहिला. किल्ला बाहेरून पडत नाही, आतल्या माणसाचं मन आधी पडतं, वगैरे. पोरं रांगेत बसलेली. पाठ ताठ, डोळे माझ्याकडं. "समजलं?" "येस सर." सगळे एका सुरात, प्रार्थनेसारखे. बाहेर गेले आणि गेल्या गेल्या तिसरा गोल खाऊन आले. समजलं काय? कप्पाळ!

हेच भाषण, जवळपास ह्याच शब्दांत, गेल्या वर्षी खाम स्पोर्टिंगच्या पोरांपुढं केलं होतं. खाम नाल्याकाठचं मुरमाड मैदान, निम्म्यांच्या बुटांचे तळ उघडे. त्या पोरांनी फुटबॉलची जिल्हा लीग जिंकली. इथं ऑर्किड ग्रीन्समध्ये हिरवळ आहे, कपडे बदलायला खोली आहे, अंघोळीला शॉवर आहे. फक्त खेळ नाही.

नंतर पाथ्रीकर साहेब आले. टाउनशिप त्यांनी बांधली, क्लबही त्यांचाच. "सर, 'अ' गटात राहिलो तर टीम राहील. 'ब' गटात घसरलो तर बंद. मैदान लग्नांना देऊन टाकतो, लॉन म्हणून मागणी आहेच." हसत बोलले. रागावून बोलले असते तर बरं वाटलं असतं.

टीम बंद म्हणजे मीही बंद. आणि मी शहरभर सांगून इथं आलोय: जागा माणसाला घडवत नाही, माणूस जागेला घडवतो. ह्या विषयावर गावोगाव व्याख्यानं झोडलीत. शाली जमवल्यात. आता लोक विचारणार नाहीत?

विचारू देत.

१३ जानेवारी, बुधवार

सरावाला गेलो तर गेटात टँकर अडकलेला. दुसरा त्याच्यामागं. सगळं पाणी मैदानाला. दोन पावसाळे कोरडे गेले, धरणाच्या तळाची माती दिसायला लागली, आमच्या पुंडलिकनगरात नळ कधी येईल ते नळालाच ठाऊक. खामच्या वस्तीत बायका ड्रम घेऊन उन्हात बसतात. आणि इथं गवताला अंघोळ!

पोरं गाड्यांतून उतरली. बॅगा सारख्या, हिरवे मोजे सारखे. एकानंही टँकरकडं बघितलं नाही. त्यांच्या गावी दुष्काळ नाहीच.

सराव शांत. इतका शांत की चेंडूला पाय लागल्याचा आवाज पार कंपाउंडवर आपटून परत येतो. खामला सराव म्हणजे भांडण असायचं. "अबे दे ना!" "तेरेकू दिखता नै क्या?" इथं पास चुकला की "सॉरी." ज्याचा चुकला तोही सॉरी, ज्याला मिळाला नाही तोही सॉरी. सॉरी क्लब.

१७ जानेवारी, रविवार

१–१. बरोबरी. ती त्यांच्या गोलकीपरच्या कृपेनं.

तिकडं खाम जिंकली. माझ्यानंतर तिथं इरफान बघतो. माझा जुना कॅप्टन. वाळूजच्या कंपनीत शिफ्ट करतो, स्वतः खेळतो आणि खेळवतोही. संध्याकाळी त्याचा फोन. "सर, खैरियत?" मी म्हणालो, अभिनंदन. तो म्हणाला, "सब तुम्हारा ही है सर." फोन ठेवल्यावर डोकं तापलं. माझंच असेल तर माझ्याशिवाय चालतंय कसं?

२२ जानेवारी, शुक्रवार

कॉलेजात बारावीला इतिहासाच्या तासाला देवगिरीचा धडा. ज्या सुलतानानं दिल्लीची राजधानी उचलून इथं आणली, त्याच्याबद्दल रंगून बोललो. राजधानी उचलून आणता येते, तिच्या विहिरी आणता येत नाहीत. पोरं खूश. एकीनं वहीत लिहून घेतलं.

शिक्षक-खोलीत आल्यावर उगाच चिडचिड झाली. चहा थंड होता म्हणून असेल.

२६ जानेवारी, मंगळवार

ऑर्किडला झेंडावंदन. पाथ्रीकर म्हणाले, चार शब्द बोला सर.

चार नाही, चारशे बोललो. प्रजासत्ताक म्हणजे काय, तर पाणी कुणाच्या घशात जाणार हे गवतानं न ठरवता माणसानं ठरवणं. नाल्यापलीकडच्या आया हंडे घेऊन उभ्या आहेत आणि इथं तुमच्या पायाखालची हिरवळ ढेकर देतेय. लाज नावाची वस्तू ह्या टाउनशिपच्या माहितीपत्रकात छापायची राहिली का? असं तोंडावर.

आणि टाळ्या! मी शिव्या घातल्या आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. बायका तर उभ्या राहून. जिलबी खाल्ली, सेल्फी काढले, घरी गेले. ह्यांना काहीच लागत नाही. गेंड्याच्या कातडीला निदान ओरखडा तरी उठतो.

पाथ्रीकर कानाशी: "सर, हा जोर पोरांत आला पाहिजे." माणूस आहे की उशी?

३१ जानेवारी, रविवार

हरलो. १–२. आणि त्याहून वाईट.

मॅच संपल्यावर टपरीवर चहा घेऊन मागच्या बाजूनं खोलीकडं आलो. आत हसण्याचा गदारोळ. ह्या पोरांना हसता येतं हे मला आजच कळलं. खिडकीतून बघतो तर कैलास. कन्नड गावचा पोरगा, इथं इंजिनिअरिंगला, डावा बॅक, बहुतेक वेळा बाकावरच. बाकावर चढलेला. खांद्यावर टॉवेल, शाल पांघरल्यासारखा. तर्जनी वर.

"मित्रांनोऽऽ! इतिहास साक्षी आहे!" माझाच आवाज. माझाच खोकला. "किल्ला पडत नाही! पडतो तो प्रथमेश! कारण प्रथमेश समोरच्याला जागा देतो, जशी लग्नात पाहुण्याला देतात! बसा हो, बसा, जेवूनच जा!"

पोरं लोळत होती. ज्याच्या जागेतून दोन्ही गोल झाले तो प्रथमेशही पोट धरून हसत होता.

मी दार उघडलं.

"खाली उतर."

उतरला. "सर, नुसती गंमत..."

"बॅग भर. उद्यापासून येऊ नकोस."

"सर, मी काय म्हंतो..."

"एक शब्द नाही!"

कॅप्टन अनिकेत मधे काही बोलायला उठला आणि बसला. येस सर.

तीस वर्षं व्यासपीठावर उभा आहे. दगड खाल्लेत, घोषणा अंगावर घेतल्यात. विदूषक कुणी केलं नव्हतं.

३ फेब्रुवारी, बुधवार

सुनंदाशी भांडण. भाजी निवडता निवडता सुरू झालं.

मी म्हणत होतो, ह्या पोरांना सगळं आयतं मिळालंय, ह्यांच्यात भूक नाही, ह्यांच्याकडून काही होणार नाही. ती ऐकत होती. मग म्हणाली, "अहो, एक विचारू? तुम्हाला ती पोरं आवडतात का?"

"आवडायचा काय संबंध? ते काय जावई आहेत?"

"खामच्या पोरांची नावं घेताना तुम्ही त्यांच्या आयांचीही नावं घ्यायचात. इरफानच्या बहिणीच्या लग्नाला आपण दोन दिवस होतो. ह्यांच्यातल्या एकाचं घर बघितलंत?"

"घरं काय बघायची? सगळी एकसारखी बांधलीत त्या पाथ्रीकरानं!"

"तेच म्हणते मी," ती म्हणाली आणि मेथी घेऊन आत गेली.

तिला चौतीस मुलांचा वर्ग सांभाळायचा असतो, मला संघ उभा करायचाय. दोन्ही गोष्टी एक नाहीत. हे तिला सांगायला आत गेलो. मिक्सर चालू केला तिनं.

७ फेब्रुवारी, रविवार

०–२.

मध्यांतराला खोलीत मेणाचे पुतळे. आज तर "येस सर"सुद्धा अर्धवट. मी विचारलं, तुमच्यातल्या कुणाला काही बोलायचंय? कुणी नाही. शेवटी अनिकेत. धीर करून.

"सर, इंग्लंडमध्ये यंदा जी टीम वर चाललीय ना, जिचं नाव कुणी घेत नव्हतं. त्यांच्या मॅनेजरला आधीच्या टीमनं काढून टाकलं होतं. छोट्याशा देशाकडून हरले म्हणून."

"मग?"

"नाही सर. तोच माणूस आहे. म्हणजे, दोन्हीकडं तोच."

"मला काढून टाका असं म्हणायचंय का?"

"नाही सर! सॉरी सर."

बस. पुन्हा पुतळे. पण वाक्य डोक्यात रुतून बसलं. दोन्हीकडं तोच. लोक म्हणतात नशीब, पैसा, खेळाडू. मी म्हणतो चारित्र्य. मग एका वर्षात एका माणसाचं चारित्र्य बदलतं? माझं बदललं? मी तसूभर बदललेलो नाही! हे मी अभिमानानं लिहितोय की...

नको. झोप.

१४ फेब्रुवारी, रविवार

खामच्या मैदानावर खामशी. हा दिवस येणार होताच.

नाल्याचा वास, मुरूम, धूळ. काठावर सगळी वस्ती. "सर आले, सर आले!" म्हाताऱ्या बेबीताईनं हाक मारली, "काय ओ सर, लई टवटवीत झालात. तिकडं पाणी चांगलं दिसतंय!" सगळे हसले. मीही हसलो. ऑर्किडची पोरं माझ्याकडं बघत राहिली. मी हसतो हे त्यांना नवीन असावं.

०–४. त्याचं दुःख नाही. म्हणजे आहे, पण...

तिथं खोल्याबिल्या नाहीत. मध्यांतराला दोन्ही संघ उघड्यावर, मधे हातगाडीएवढं अंतर. मी माझ्या पोरांना सांगत होतो आणि पलीकडून माझाच आवाज आला.

इरफान. खांद्यावर टॉवेल. बोट वर.

"मित्रहो! इतिहास साक्षी आहे!" मग थांबला, मी थांबतो तेवढाच. "...के अपना लेफ्ट साईड सो रै! अबे जुबेर, सर बोल रै, पीछे बैठके चाय नक्को पी, सामनेवाले की छाती पे जाके ठैर! और तू सिद्धार्थ, तू तो किल्ला नै, तू दरवाजा है दरवाजा, वो बी खुल्ला!" सिद्धार्थनं त्याला बाटली फेकून मारली. "तू बी पिछले मॅच में भाषण दे के गोल देना भूल गया था बे!" हसणं, ढकलाढकली, आणि ते उठले ते सगळं बदलून उठले. लेफ्ट साईड बंद. आमची वाटच बंद.

मॅच संपल्यावर त्याला टपरीवर धरलं. माझी टिंगल करतोस, तीही माझ्या नव्या पोरांसमोर?

त्यानं खरंच न कळून माझ्याकडं बघितलं. "सर, ये तो हम पहले से करते. तुम्हारे सामने. याद नै?"

"माझ्यासमोर?"

"हर मॅच में. तुम भाषण देते, बाद में मैं उठके तुम्हारी नकल करता. तुम वहीच बैठके हंसते. एक बार तो तुम्हारा चष्मा गिरा था हंस हंस के."

आठवलं. आठवत होतंच. पण मी त्याला पोरांची मस्ती समजत होतो. कामाची गोष्ट माझं भाषण, मग थोडी करमणूक.

"बुरा नक्को मानो सर," चहा पुढं सरकवत तो म्हणाला. "तुम्हारे भाषण से जोश आता था. कसम से, रोंगटे खड़े होते थे. पर करना क्या है, वो समज में नै आता था. वो नकल में आता था."

चहा तसाच ठेवून निघालो. त्यानं मागून हाक मारली. थांबलो नाही.

१५ फेब्रुवारी, सोमवार

राग. दिवसभर.

म्हणजे खाम मी जिंकून दिली नाही? माझी वाक्यं नुसता ढोल होती आणि नाच इरफानचा? खोटं आहे. पहाटे कुणी उठवलं त्या पोरांना? कॉर्पोरेशनशी कोण भांडलं मैदानासाठी? सिद्धार्थला दवाखान्यात कुणी नेलं?

पण ते सगळं भाषण नव्हतं.

हे वाक्य खोडणार होतो. राहू दे.

१७ फेब्रुवारी, बुधवार

लासूर स्टेशनला व्याख्यान. आडत बाजाराच्या शेडमध्ये, पोत्यांवर माणसं. विषय नेहमीचाच. माणूस जागेला घडवतो.

जोरात झालं. पहिल्या पाच मिनिटांत पुढच्या रांगेतला एक फेटेवाला ओरडला, "आसं कसं म्हंता सर? आमची कपाशी तिकडं कोकणात लावून दावा की!" हशा. मी त्याला उत्तर दिलं, त्यानं मला प्रत्युत्तर दिलं, मागून कुणी "व्हय व्हय, बराबर" म्हणालं, कुणी "नाय नाय" म्हणालं, आणि मी पेटलो. मी नेहमी असाच पेटतो. कुणीतरी अडवलं की.

येताना पॅसेंजरमध्ये खिडकीशी बसून एवढंच लक्षात आलं की फेटेवाल्याचं बरोबर होतं आणि टाळ्या मला मिळाल्या.

२२ फेब्रुवारी, सोमवार

काल पुन्हा हरलो. आता शेवटच्या दोन मॅच राहिल्या. दोन्ही जिंकल्या तर 'अ' गटात. नाहीतर मैदानावर सनई-चौघडा.

कॉलेजला रजा टाकली आणि एसटीनं कन्नडला गेलो. कैलास तिकडंच होता, क्लब सुटला म्हणून नाही, सबमिशन संपलं म्हणून. तेवढंही माझ्यामुळं नाही.

आठवडी बाजार. त्याचे वडील काळी-पिवळी जीप चालवतात, स्टँडवर गिऱ्हाईक भरत होते. "चला घाट, घाट, चाळीसगाव!" मी नाव सांगितलं तर हातातला चहाच सांडला त्यांचा.

"तुम्हीच का ते सर! अवो, ह्यो रोज घरी तुमचं भाषण करून दावतो. म्हातारी हसून हसून खोकते. ए कैलास, ये इकडं! सर आलेत, दाव बरं एकदा!"

पोरगा कणसाच्या गाडीमागून आला, पांढराफटक. मी म्हणालो, "दाखव."

"नको सर."

"दाखव म्हटलं ना."

जीपच्या बोनेटला टेकून त्यानं केलं. आधी भीतभीत, मग रंगून. बाजारातली माणसं जमली. माझे हात, माझा दम, माझं "मित्रांनो" लांबवणं. मला हसू आलं नाही. लिहितो तसं खरं लिहितो: रडू येण्याच्या जवळपास होतं काहीतरी, आणि त्याचाही राग आला. पण ऐकत गेलो. आणि मधेच कळलं की हा माझ्यापेक्षा सोपं सांगतोय. माझ्या अर्ध्या तासातलं हाडूक तेवढं ह्यानं उचललं होतं.

"का करतोस हे?"

"सर, खरं सांगू? तुमचं लई भारी असतं, पण तुम्ही बोलता तवा वाटतं परीक्षा चाललीय. नक्कल करून बघितली की मग कळतं, अरे, सरांना हे म्हणायचंय व्हय."

"मग तेव्हाच का नाही विचारलंस?"

"तुम्हाला?" आणि बापाकडं बघून हसला. बापही हसला. म्हणजे घरी ह्यावरही बोलणं झालेलं.

परत ये, म्हणालो. विनंती करता येत नाही मला. हुकूमच झाला. येतो म्हणाला.

२४ फेब्रुवारी, बुधवार

मूर्खपणा केला. सरावाला सगळ्यांना गोल बसवलं आणि म्हणालो, आजपासून मला उलटून बोलायचं. माझी चूक दिसली की तोंडावर सांगायचं. शिव्या द्यायच्या असतील तर शिव्या द्या. खामला देतात.

पोरांनी एकमेकांकडं बघितलं. अनिकेतनं हात वर केला. "सर, कंपल्सरी आहे का?"

कैलास फिस्सकन हसला. मी भडकलो. "तुमच्यात रगच नाही! घरात फ्रीजचं पाणी, मैदानाला टँकर, तुम्हाला तहान म्हणजे काय ते माहीत नाही, तुम्ही काय..."

"सर, एक मिनिट."

अनिकेत. उभा राहिलेला.

"आमच्या बिल्डिंगला तीन दिवस पाणी नाहीये. बोअर आटलेत. जो टँकर बिल्डिंगसाठी येतो तोच मैदानाला वळवतात, गवत वाळलं तर फ्लॅट विकले जाणार नाहीत म्हणून. माझी आई त्यावरून पाथ्रीकर सरांशी भांडलीय, दोनदा. तुम्ही सव्वीस जानेवारीला बोललात तेव्हा उभं राहून टाळ्या कुणी वाजवल्या? आमच्या आयांनी. आई घरी येऊन म्हणाली, तुमचे सर आपल्या बाजूचे आहेत." दम घेतला. "आणि तुम्ही आम्हाला रोज असं बघता, जसं काही ते पाणी आम्ही प्यायलो."

ह्या शांततेत मात्र सगळे हजर होते.

"तुम्हाला आम्ही नको आहोत सर," प्रथमेश खाली बघून म्हणाला. "तुम्हाला खामच पाहिजे. हिरव्या कपड्यातली."

शिट्टी गळ्यात अडकवली.

"सराव सुरू करा," म्हणालो. ते उठले. आणि पहिल्यांदाच, पास चुकल्यावर कुणीतरी ओरडलं, "अरे बघून दे ना, गाढवा!" सॉरी कुणी म्हणालं नाही.

सुनंदाला काही सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही. भाकरी वाढली.

२८ फेब्रुवारी, रविवार

मॅच नव्हती. सकाळी पाथ्रीकरांचा फोन. आता हसत नव्हते.

"सर, तुम्ही बायकांना भडकवलंत."

अनिकेतच्या आईनं आणि इमारतीतल्या बायकांनी टँकर गेटात अडवला. ड्रायव्हरला चहा पाजला, नळी मैदानाकडून काढली आणि इमारतीच्या टाकीत सोडली. घोषणा नाही, भाषण नाही. मैदानाला पाणी बंद.

मी खरं ते सांगितलं, मला ह्यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना पटलं नाही. "तुमचं सव्वीस जानेवारीचं भाषण काय होतं मग?"

"त्यावर तुम्हीही टाळ्या वाजवल्या होत्या."

"भाषणाला वाजवतातच हो टाळ्या!"

फोन आपटला. मीच आपटला बहुतेक.

ज्या गोष्टीवर मी महिनाभर तोंडानं आग ओकली ती चार बायकांनी नळी वळवून केली. आनंद व्हायला हवा. झाला नाही. मला कुणी विचारलंसुद्धा नाही, ही बोच. शरम वाटते लिहायला, पण आहे.

६ मार्च, रविवार

जिंकलो. २–१.

गवत पिवळं पडायला लागलंय. चेंडू उसळतो. समोरच्यांना सवय नव्हती, आमच्यांना आठवड्यात झाली.

मध्यांतराला मी पाच मिनिटं बोललो. मग गप्प बसलो. गप्प बसणं फार अवघड काम आहे. कैलास उठला, टॉवेल घेतला, माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्यानं सुरुवात केली आणि अनिकेतनं मधेच तोडलं, "ए, सर असं नाही म्हणाले, ते म्हणाले उजवीकडून." "नाय, डावीकडून!" दोघं माझ्याकडं वळले. मी काय म्हणालो होतो ते मलाच नीट आठवेना. म्हणालो, तुम्हाला काय वाटतं? मग जे पेटलं! प्रथमेशनं तर खडू घेऊन भिंतीवर काढून दाखवलं.

त्यांनी उजवीकडून केलं. तिथूनच दुसरा गोल.

इरफानचा फोन आला होता. घेतला नाही. अजून राग आहे. का आहे ते कळेपर्यंत घेणार नाही.

११ मार्च, शुक्रवार

पाथ्रीकर कॉलेजवर आले. शिक्षक-खोलीत खुर्ची ओढून बसले.

"रविवारी जिंकलात तरी सर, मैदान पिवळं असेल तर मला परवडत नाही. तुम्ही बायकांशी बोला. तुमचं ऐकतील. गवताला पाणी, आणि तुम्हाला पुढचं वर्ष लेखी. नाहीतर रविवारच्या निकालाची वाट कशाला बघायची?"

सौदा साधा आहे. माझं भाषण हवंय त्यांना, फक्त उलट्या दिशेनं.

शिव्या तोंडावर आल्या होत्या. इतर प्राध्यापक बघत होते. म्हणालो, मी त्यांना थांबवणार नाही. ते म्हणाले, तुम्हाला थांबवायचं नाही की जमणार नाही?

हा प्रश्न मला घरी घेऊन आला. दोन्ही असेल.

संध्याकाळी पोरांना सगळं सांगितलं. न सजवता. अनिकेत म्हणाला, "म्हणजे जिंकलो तरी बंद होऊ शकतं?" हो. "आणि मैदानाला पाणी दिलं तर हरलो तरी चालू?" बहुतेक. कैलास म्हणाला, "मग काय, रविवारी खेळून घेऊ. लग्नाच्या मांडवात गोल नाय करता येत."

कुणी "येस सर" म्हणालं नाही. आपसात बोलत बोलत निघून गेले.

१३ मार्च, रविवार

वही मैदानावर आणलीय. पहिल्यांदाच.

ऊन कडक. मैदान गव्हाच्या काडासारखं. समोरचा संघ वाळूजच्या कंपनीचा, उंच, दणकट. कंपाउंडला टेकून अनिकेतची आई आणि बायका उभ्या आहेत, छत्र्या घेऊन. पाथ्रीकर शामियान्यात, मोबाईलवर. इकडं बघत नाहीत.

रात्रभर भाषण जुळवलं होतं. चांगलं होतं. सुरुवात तर फारच चांगली.

खोलीचं दार ढकललं तर आत कडाक्याचं भांडण. कोण कुणाला धरणार, कॉर्नरला पुढं कोण. प्रथमेश ओरडतोय, कैलास त्याच्यावर ओरडतोय, अनिकेत दोघांवर. मला बघून एक क्षण थांबले. अनिकेत म्हणाला, "सर, पाच मिनिटं. प्लीज. आमचं संपू दे." आणि दार त्यानंच लावून घेतलं. हळू. पण लावलं.

बाहेर बाकावर बसलोय. चांगलाच संतापलोय. कुणावर ते सांगता येत नाही.

आतलं सगळं ऐकू येतंय. माझं एकही वाक्य त्यात नाही. निम्म्या गोष्टी चुकीच्या बोलतायत, जाऊन सांगावंसं वाटतंय. कैलासचा आवाज चढलाय. कुणीतरी हसलं. कुणीतरी भिंतीवर काहीतरी काढतंय, खडूचा आवाज येतोय.

पंच मैदानात उतरले. दार अजून बंदच.